गाडी चार बोटं उचलायची की नाही

माझी धाकटी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने देते. एखाद्या बागेला बहर येणार असं कळलं की पेट्या नेऊन ठेवायच्या आणि फुलं गळली की परत आणायच्या. घरात तिला चिमी म्हणतो, आता बागवालेही तेच म्हणतात. पेट्या संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर, दारं बंद करून भरायच्या आणि पहाटे निघायचं, हा तिचा शिरस्ता. माश्या मला चावल्या तरी चालतील. मला भीती वाटते ती गाडीची.

गाडी म्हणजे मागच्या वर्षी घेतलेली पिकअप. या हंगामात चिमीला डोंगरावरची एक मोठी बाग मिळाली. वाटेत कोरडा ओढा लागतो, आणि ओढ्यात हे एवढाले दगड. पहिल्याच खेपेला भरलेली गाडी पोटाखाली खर्रकन घासली. बागवाला म्हणाला, "बहर फुलायच्या आत सगळ्या पेट्या पोचव. नाही जमलं तर आत्ताच सांग, मी दुसरा माणूस बघतो."

त्यातच दुसऱ्या गिअरला घरघर सुरू झाली. सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवलं, तर गिअरबॉक्समध्येच दोष निघाला. वॉरंटीत बदलून मिळणार होता, फक्त नवा यायला वेळ होता. तोवर सांभाळून चालवा म्हणाले.

नेमक्या याच वेळी चिमीने गाडी उचलून घ्यायचं मनात घेतलं. टायरवाला मिस्त्री तयारच होता. स्प्रिंगखाली ठोकळे घालायचे, वर मोठे टायर चढवायचे, गाडी चार बोटं वर.

"आणि वॉरंटी?" तिने विचारलं.

"कंपनीला कोण सांगणार, ताई? सर्व्हिसच्या आदल्या दिवशी या, जुने टायर चढवून देतो."

"आणि ठोकळे? गाडीला गुडघे वाकवून उभी राहा म्हणून सांगू?"

मग ती सर्व्हिस सेंटरच्या अॅडव्हायझरला विचारायला गेली. मीही गेले. माणूस तुटक बोलला, पण सरळ बोलला. गाडी उचलली म्हणून सगळी वॉरंटी जात नाही. पण मोठं चाक फिरवायला गिअरबॉक्सला जास्त जोर लागतो, आणि गाडी उंचावली की मागच्या चाकांकडे जाणारा दांडा तिरका होतो. तिथलं काही बिघडलं की कंपनी बोट टायरकडेच दाखवणार.

"मग वॉरंटीत उरलं काय?"

"एसी बिघडला तर नक्की देतील."

"माझ्या गाडीत एसी नाहीये."

"मग हॉर्न," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाकडे वळला.

घरी आल्यावर दोन दिवस हाच विषय. गाडी उचलली तर गिअरबॉक्स पदरचा. नाही उचलली तर ओढ्यात खालून काही फुटणार, आणि दगडाने फुटलेलं वॉरंटीत बसतच नाही. मी म्हटलं, उंच गाडी उतारावर कलंडते. "आई, तू कशाला घाबरत नाहीस ते सांग, म्हणजे तेवढंच बोलू," चिमी म्हणाली.

शेवटी तीच म्हणाली, करून तर बघू. अंगणात फळ्या रचून पिकअप त्यावर चढवली, मागचा भाग बरोबर चार बोटं वर येईल अशी. माश्यांनी भरलेली एक पेटी आणली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तिचे बाबा. पेटी सपाटच उचलावी लागते. तिरकी झाली की आतली मधाची पोळी एकमेकांवर घासतात आणि मधल्या माश्या चिरडतात. बाबांची बाजू वर गेली. चिमीची खालीच राहिली. टाचा उंचावल्या, तरी हात पुरेना. पेटीतला आवाज चढला.

"खाली, खाली घ्या!" चिमी ओरडली.

सगळ्यांनी टायर मोजले होते, ठोकळे मोजले होते. पेट्या हातांनी चढवायच्या आहेत हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"मी थोडा वाकून धरतो," बाबा म्हणाले.

"तुम्ही वाकलात की तुम्हाला सरळ करायला वेगळा मिस्त्री लागेल," चिमी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाडी उचलायचा विषय सोडून ती पहार घेऊन ओढ्यात उतरली. आम्ही दोघंही गेलो. तिघांनी मिळून बरेच दगड कडेला लोटले. एक मात्र जागचा हलला नाही, तो खालच्या कातळाचाच भाग होता. चिमी त्याच्याभोवती फिरली, वाकून पाहिलं. मग ठरलं ते असं: गाडी निम्मीच भरायची, म्हणजे स्प्रिंग कमी दबतील. आणि त्या दगडाला दोन चाकांच्या मध्ये घ्यायचं नाही, डावं चाक त्याच्यावरूनच न्यायचं.

पहिल्या पहाटे चिमी गाडी चालवत होती आणि बाबा गाडीपुढे उलटे चालत हात दाखवत होते. डावं चाक दगडावर चढलं, गाडी उजवीकडे झुकली. मी डोळे मिटले नाहीत, एवढंच सांगते. गाडी पलीकडे गेली आणि गिअर बदलताना ती घरघर मला अलीकडच्या काठावर ऐकू आली.

अर्ध्या गाडीमुळे खेपा दुप्पट झाल्या. शेवटच्या पेट्या पोचल्या तेव्हा काही झाडं फुलायला लागली होती. बागवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण पेट्या ठेवून घेतल्या.

नंतर नवा गिअरबॉक्स आला तशी गाडी सर्व्हिस सेंटरला गेली. अॅडव्हायझर टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. टायर तपासले, स्प्रिंग तपासल्या. पहिल्या खेपेचा ओरखडा त्याला दिसला, तो गिअरबॉक्सपासून लांब होता. गिअरबॉक्स वॉरंटीत बदलला.

आता फुलं गळायला लागली आहेत, पेट्या परत आणायच्या आहेत. येताना त्या मधाने भरलेल्या असतील, म्हणजे जाताना होत्या त्याहून कितीतरी जड. आज जेवताना मी तेच म्हटलं.

"मग निम्मी कशाला," चिमी म्हणाली, "पाव गाडी भरू." आणि बाबांना म्हणाली, "पहाटे लवकर उठायचंय, आतापासून सवय करा."