दत्तात्रेय सरांचं बेसिक

ओळींचे आकडे मी सरळ केले, तिथून सगळं बिघडलं.

माणगावात एसटी स्टँडसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दत्तात्रेय सर, गणिताचे निवृत्त मास्तर, आपल्या पुस्तकाची वाळवीतून वाचलेली एकमेव प्रत घेऊन आले. बेसिक ही संगणकाची जुनी भाषा मराठीतून शिकवणारं पुस्तक, सरांनी सत्त्याऐंशी साली लिहिलेलं. आता दुसरी आवृत्ती काढायची होती. प्रत्येक प्रोग्रामच्या ओळींना १०, २०, ३० असे आकडे. मला वाटलं, मधल्या ओळी वाळवीने खाल्ल्या. टाइप करताना मी नीटनेटकं १, २, ३ करून टाकलं.

गंमत अशी की पुस्तक लिहिलं तेव्हा सरांनी संगणक पाहिलाच नव्हता. पनवेलहून मिळवलेल्या एका इंग्रजी माहितीपुस्तकावरून ते भाषा शिकले आणि प्रोग्राम पाटीवर स्वतःच चालवायचे. चौकोन आखायचे, जुना आकडा पुसायचे, नवा लिहायचे. पुढे शाळेत संगणक आला, पण हेडमास्तरांनी त्याला हळदकुंकू वाहून वर प्लास्टिकचं कव्हर घातलं. हात कोण लावणार?

म्हणून सरांची एकच अट होती. "आधी खऱ्या मशीनवर चालव, हर्षद. चाललं नाय तर छापायचं नाय."

मी लॅपटॉपवर जुनं बेसिक उतरवलं. सरांच्या पत्नी गोदूकाकूही ठेवणीतली साडी नेसून आल्या. पहिला प्रोग्राम म्हणाला, सत्तराव्या ओळीवर जा. ओळी सगळ्या मिळून नऊ. दुसरा अडला, तिसराही अडला. सर चष्मा पुसत राहिले.

"मी तवाच सांगितलेलं, पुस्तक सोडा, कोंबड्या पाळा," काकू म्हणाल्या.

सरांनी प्रत पिशवीत घातली. "राहू दे छपाई. मुलांना इतकी वर्षं चुकीचंच शिकवलं."

आता बोलणं भाग होतं. "सर, आकडे मी बदलले. सरळ दिसावेत म्हणून."

"अरे शहाण्या, मागाहून एखादी ओळ सुचली तर मध्ये घालायला जागा नको? म्हणून दहा-दहाने. तू तर लोकांची घरं हलवलीस आणि पत्ते जुनेच ठेवलेस." एवढं बोलून सर हसले, आणि प्रत पिशवीतून बाहेर आली.

आठवडाभर खपून मी आकडे पूर्ववत केले. छत्तीसपैकी पस्तीस प्रोग्राम चालले. छत्तिसावा पाच मुलांच्या गुणांची सरासरी काढणारा. पुस्तकात उत्तर साठ, लॅपटॉपवर पन्नास. ही चूक मात्र सरांची. मुलं मोजणारा आकडा पाचव्या मुलानंतर एक पाऊल पुढे जाऊन सहावर थांबतो, आणि सर त्यानेच भागत होते. पाटीवर माणूस पाचावर थांबतो. यंत्र थांबत नाही.

सरांनी खांद्यावरून वाकून पाहिलं. "हेही तूच केलंस ना?"

"हो, सर."

"वाटलंच. लक्ष कुठे असतं रे तुझं?"

ती ओळ मी गुपचूप दुरुस्त केली. पुस्तक आलं. टंकलेखनाच्या सर्व चुका चिरंजीव हर्षदच्या, असं प्रस्तावनेत सरांनी आवर्जून छापलंय. छत्तिसाव्याचं खरं काय ते त्यांना सांगायचं अजून राहिलंय. परवा दुकानात तासभर बसले होते, दोन चहा झाले, तेव्हाही सांगितलं नाही.