पितळेची पुंगळी

वॉटफर्डजवळच्या एका हॉलमध्ये रविवारी जुन्या काडतुसांचे शौकीन जमतात. घरमालकीणबाईंबरोबर मी तिथे गेलो, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ दिसले. नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यांच्या टेबलावर युरोपातल्या शिकारी रायफलींच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या होत्या. एकेक उचलून ते ओठांशी धरून फुंकत. हलकी शीळ निघे. मग कुणी ओ देतंय का, असं ते ऐकत राहत.

बाईंनी पर्समधून एक पुंगळी काढली. "डॅड शिकारीत स्वतःचीच गोळी लागून गेले. काकांनी ही त्यांच्या रायफलमधून काढून मम्मीला दिली. कुठली आहे, एवढंच सांगा."

"रायफल कोणती होती, लव्ह?" इथल्या म्हाताऱ्यांच्या मायेच्या सवयीने त्यांनी विचारलं.

"ऑस्ट्रियन. साडेसहा मिलिमीटरची."

त्यांनी पुंगळीचं तोंड व्हर्नियर मोजपट्टीने मोजलं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात सरांनी हात धरून शिकवलं होतं, म्हणून आकडा मलाही वाचता आला. नऊच्या पुढे होता.

त्यांनी ती ओठांशी नेली आणि तशीच खाली ठेवली. "हिचा आवाज मला ऐकायचा नाही," ते म्हणाले. "ही तुझ्या डॅडच्या रायफलमध्ये शिरणारच नाही. ही जर्मन आहे. त्या दिवशी जर्मन रायफल कुणाकडे होती?"

बाईंनी पुंगळी उचलून पर्समध्ये टाकली. "काकांकडे."

काका आमच्याच घरात, खालच्या खोलीत राहतात. आम्ही परतलो तेव्हा ते दारातच उभे होते.

"काही मिळालं का गं?" त्यांनी हसून विचारलं.

बाईंनी पर्स छातीशी धरली. "काही नाही. चहा टाकते."