कोथिंबिरीचं दुसरं नाव

बस नगर रस्त्यावर थांबली तेव्हा नुकतं उजाडत होतं. रात्रभर खिडकीला टेकलेलं डोकं उचलून पाहिलं, तर रस्त्याकडेला तीन रिक्षा उभ्या आणि त्यांच्या टपांवर गुलमोहराच्या पाकळ्या पडलेल्या. चालक आत गाढ झोपलेले. मी बॅग घेऊन उतरले आणि चक्क शहारले. आमच्या मूर्तिजापूरला मे महिन्यात पहाटेसुद्धा भिंती तापलेल्या असतात. इथं गार वारा होता. पुढच्या दोन महिन्यांत "काय उकडतंय!" म्हणणारा पुणेकर भेटला, की मला हसू दाबावं लागायचं.

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपलं होतं आणि सुट्टीसाठी मला प्रोग्रामिंगची इंटर्नशिप मिळाली होती. ऑफिस म्हणजे विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याच्या आतल्या गल्लीतला, तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट. हॉलमध्ये संगणक, स्वयंपाकघरात खरोखरचा स्वयंपाकाचा ओटा, आणि मागच्या खोलीत कुणाच्या तरी जुन्या गाद्या. दुपारी पडदे ओढले की हॉल हिरवट अंधारात बुडायचा, पंखा फिरत राहायचा, आणि आपण पाण्याखाली बसून काम करतोय असं वाटायचं. अधूनमधून लोहगावच्या बाजूनं एखादं लढाऊ विमान डोक्यावरून जायचं. मग सगळे बोलता बोलता थांबायचे, छताकडे बघायचे, आणि आवाज विरला की वाक्य जिथं तुटलं तिथून पुढं सुरू करायचे. मला हे फार आवडलं. वाक्याच्या मधोमध असं फुकट थांबायला दुसरीकडे कुठं मिळतं?

माणसं तीन. मेधाताई सगळ्यांच्या प्रमुख, पण डबा उघडला की आधी दुसऱ्याच्या ताटात वाढणाऱ्या. संतोष वाघोलीकडचा, त्यांच्या शेताच्या जागी आता इमारती उभ्या आहेत, पण बोली तशीच राहिली आहे. आणि निनाद, सदाशिव पेठेतला, ज्याचं प्रत्येक वाक्य इस्त्री करून आल्यासारखं असायचं.

आमचं काम होतं मार्केट यार्डातून माल नेणाऱ्या भाजीविक्रेत्यांसाठी एक ॲप. फोनवर भाजीचं नाव बोलायचं, की ती आज कोणत्या गाळ्यावर (घाऊक दुकानावर) आली आहे ते फोन सांगणार.

पहिल्याच संध्याकाळी निघताना मी सवयीनं म्हणाले, "येतो मी."

निनाद पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला, "कोण येतोय? मला तर एकच कांचन दिसतेय, आणि तीही जातेय."

सगळे हसले. हेतू वाईट नव्हता हे मलाही कळलं. आमच्या वऱ्हाडात बायकाही 'मी येतो, मी जातो'च म्हणतात, हे मी तिथंच सांगायला हवं होतं. पण माझे कान तापले. जिना उतरता उतरता मी ठरवून टाकलं, की दोन महिने गावाकडचा एकही शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही.

हा निश्चय मी इतका पाळला, की माझं बोलणंच जवळपास थांबलं. प्रत्येक वाक्य आधी मनात घासूनपुसून घ्यायचं, 'न'चा 'ण' करायचा, 'य'चा 'ळ' करायचा, आणि तोवर गप्पा दुसऱ्या विषयावर गेलेल्या असायच्या. कोडमध्ये काही अडलं तर मी लिहून विचारायची. मला या माणसांत मिसळायचं होतं, आणि त्यासाठीच मी त्यांच्यात बसून मुकी झाले होते. किती शहाणपण!

त्यांनी मात्र मला एकटं पडू दिलं नाही. मेधाताईंनी माझ्या मेसचा डबा एकदा उघडून पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्यात माझी पोळी येऊ लागली. संतोष मठ्ठा आणायचा आणि म्हणायचा, "पी गं. घरच्या म्हशीचं हाय. म्हस राहिली हाय अजून, शेत गेलं तरी." निनादनं मला कोड तपासायला शिकवलं. माझ्या चुकीखाली तो फक्त लिहायचा, 'कल्पना छान. चालत नाही.' दुपारी चारला आम्ही गच्चीच्या जिन्यात बसून चहा प्यायचो, आणि मी त्या तिघांच्या गप्पा ऐकत असायचे. संतोष बिनदिक्कत 'हाय' म्हणायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. त्याच्या आज्याच्या बांधावरच हे शहर उभं आहे. त्याला कोण काय म्हणणार?

तिसऱ्या आठवड्यात आम्ही पहाटे मार्केट यार्डात गेलो. ॲप पहिल्यांदाच खऱ्या माणसांच्या हातात द्यायचं होतं. धूसर उजेडात भाज्यांचे डोंगर, त्यांतून वाट काढणारे हमाल, ओल्या पोत्यांचा आणि पुदिन्याचा वास. फ्लॉवरच्या ढिगाकडे बघत चालले होते, इतक्यात मागून "बाजूला!" अशी गर्जना आली. मी उडी मारली ती थेट टोमॅटोच्या क्रेटमध्ये. सँडल लाल झाली. हमाल जाता जाता म्हणाला, "ताई, ते खायचे असतात."

मेधाताईंच्या गल्लीत हातगाडी लावणाऱ्या वच्छलामावशी पहिल्या परीक्षक होत्या. त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाल्या, "सांबार कुठी हाये?"

फोन ठणठणीत आवाजात उत्तरला, "सांबार मसाला. भुसार विभाग."

निनाद पुढे झाला. "मावशी, सांबार नको. भाजीचं नाव सांगा, भाजीचं."

मावशींनी पुन्हा तेच म्हटलं. फोननंही पुन्हा तेच. मग त्या म्हणाल्या, "कोहयं." फोन म्हणाला, "समजलं नाही, पुन्हा बोला." मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी फोन मेधाताईंच्या हातात परत दिला आणि ओशाळून हसल्या. "माह्यंच चुकत असन. दरवर्साले नवीन काई तरी निंगते, आपल्याले नाई जमत."

मला पहिल्या शब्दालाच सगळं समजलं होतं. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. कोहळं म्हणजे लाल भोपळा, आणि आमच्या तोंडात ते 'कोहयं' होतं. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण भीती वाटली. बोलले तर तीन आठवडे लपवलेलं सगळं बाहेर येणार. मावशी पिशवी उचलून निघाल्यासुद्धा. त्यांच्या पाठीकडे बघताना मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी ओरडलेच, "मावशी, थांबा नं! तुमचं नाई चुकून रायलं. या फोनलेच समजत नाई!"

त्या गर्रकन वळल्या. "कुठची वं तू?"

"मूर्तिजापूरची."

"अवं माय! मी दर्यापूरची!" आणि त्यांनी भर बाजारात माझे दोन्ही हात धरले. मग त्या भडाभडा बोलायला लागल्या. बारा वर्षं पुण्यात आहेत. "गिऱ्हाइकापाशी कोथिंबीरच म्हनतो मी. पन हा फोन. मले वाटलं, याच्यासंग तरी आपलं बोलता येईन."

ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं. मी मागे वळून बघायचं टाळत होते. मागे तिघं उभे होते. शेवटी निनादचा आवाज आला, "कांचन, तू तीन आठवडे होतीस कुठे?"

"तुमच्या शेजारच्या खुर्चीवर," मी म्हणाले.

संतोष एवढ्या मोठ्यानं हसला की हमालही थांबले.

आता मशीनला हे शब्द शिकवायचे होते, आणि त्यासाठी आवाज हवे होते. पहिला माझा. दुपारी निनादबरोबर मी बुधवार पेठेत माईक घ्यायला गेले. दुकान इतकं अरुंद, की मालक आणि माल यांतलं एकच काहीतरी आत मावावं.

"हा चांगला आहे का?" मी विचारलं.

"वाईट माल आम्ही ठेवत नाही. तो समोरच्या दुकानात मिळेल," मालक म्हणाले.

मला वाटलं निनाद हसेल. तो मात्र बाहेर आल्यावर मला रसवंतीत घेऊन गेला. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी मी 'येतो'वरून बोललो होतो. आठवतंय?"

"नाही," मी साफ खोटं बोलले.

"आठवतंय. ते मी मागे घेतो." त्यानं पुस्ती जोडली, "आणि 'घेतो' हे आता कोणीही म्हणू शकतं, असं समजलंय मला."

पुणेरी माफी अशी असते. मी ती उसाच्या रसाबरोबर घेतली. त्या क्षणी मला तो फार आवडला.

रेकॉर्डिंग गाद्यांच्या खोलीत. गाद्या भिंतींना लावल्या, की आवाज घुमत नाही. मी कागद धरून शब्द वाचू लागले. बाहेर संतोष कानाला हेडफोन लावून बसला होता. दहा शब्द झाल्यावर त्यानं दार उघडलं. "मेधाताई, ही तर बातम्या सांगती! असं कोण बोलतंय गं तुमच्याकडं?"

खरंच होतं. कागद हातात आला की माझी जीभ आपोआप शाळेत जायची. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्यात डोक्यावरून विमान गेलं आणि सगळे थांबले. आवाज विरल्यावर मेधाताई म्हणाल्या, "कागद ठेव बाजूला. आईला फोन लाव, आणि आज भाजी काय केलीय ते विचार."

मी लावला. पहिली दोन मिनिटं तिघांची जाणीव होती. मग आईनं सांगितलं, की बाबांनी पुन्हा एवढे मोठे मुंगने (शेवग्याच्या शेंगा) आणलेत आणि आता ते कोण खाणार. मी भांडायलाच लागले. केयी (केळी) आली, सांबार आला, कोहयं आलं, बाबांची सगळी खरेदी आली. फोन ठेवला तेव्हा दाराच्या फटीत तीन चेहरे होते. हसत होते ते, अगदी उघडउघड. मीही हसले. आतून काहीतरी सैल झालं होतं आणि मला अगदी हलकं वाटत होतं.

त्यानंतरचा महिना मला एका लांबलचक दुपारीसारखा आठवतो. हिरवट अंधार, पंखा, जिन्यातला चहा, आणि मी अखंड बोलतेय. वच्छलामावशी रविवारी येऊन शब्द सांगायच्या. संतोषनं त्याच्या आजीला माईकसमोर बसवलं. मेधाताईंनी घरच्या जुन्या ओळखीतून सोलापूरकडच्या दोघी शोधल्या. यादी वाढत गेली. जूनच्या अखेरीस मी निघाले तेव्हा मेधाताईंनी पोळ्यांचा डबा दिला, आणि संतोष स्टेशनवर गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा होता. निनाद आला नव्हता. काम होतं म्हणे.

झोपेतून जाग आली तेव्हा गाडी संथ झाली होती. वरच्या बाकावरचे आजोबा खाली वाकून विचारत होते, "भुसावय आलं का वं पोरी?" पुण्यात तिकीट काढताना ते भुसावळ होतं. इथं ते भुसावय झालं होतं. खिडकीबाहेर केळीच्या बागा पहाटेच्या अंधुक उजेडात बुडाल्या होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. निनादचा आवाजी निरोप. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असाच लावला.

"कांचन, तुझं मशीन माझा अपमान करतंय. मी काल रात्रीपासून स्वच्छ, शुद्ध आवाजात 'मुंगणा' म्हणतोय आणि ते म्हणतंय, समजलं नाही, पुन्हा बोला. माझं काय चुकतंय, ते कृपया सांगावं."

मी रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरलं आणि म्हणाले, "मुंगणा नाई, भाऊ. मुंगना. म्हना बरं."

"कोन मुंगणा म्हनते?" आजोबांनी वरून विचारलं.

"पुन्याचा पोरगा हाये. शिकून रायला."

"आस्ते म्हनाव त्याले. मुं-ग-ना."

समोरच्या बाईंनी मांडीवरच्या लेकराला थोपटत म्हटलं, "मुंगना." पलीकडच्या बाकावरचे दोघं हसत म्हणाले, "मुंगना!" लेकरानंही काहीतरी तसंच म्हटलं. तीन आठवडे मी ज्या आवाजाला कुलूप लावून ठेवलं होतं, तो आता अख्ख्या डब्यातून पुण्याकडे चालला होता. मला रडू येत होतं आणि हसूही. मी बटणावरचं बोट उचललंच नाही.