न वाळणाऱ्या गोधड्या

सासूबाईंचा लघवीवरचा ताबा सुटला तो उन्हाळ्यात. तेव्हा फारसं काही वाटलं नाही, कारण ऊन हाताशी होतं. ओली गोधडी मोरीत धुवायची, बाल्कनीच्या कठड्यावर टाकायची, दुपार कलेपर्यंत ती पापडासारखी कडक व्हायची. खरा त्रास पावसाळ्यात सुरू झाला.

आम्ही बदलापूरला शिरगावात दुसऱ्या मजल्यावर राहतो. सासूबाईंचा सगळा जन्म सोनिवलीत गेला. तिथे बैठं घर, पुढे अंगण, अंगणाच्या कडेला काट्यांचं कुंपण. गोधड्या त्या कुंपणावरच वाळायच्या. सासूबाई मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, मग आम्ही त्यांना इकडे आणलं. येताना भांडीकुंडी काही घेऊ दिली नाहीत, पण चार गोधड्या त्यांनी हट्टाने टेम्पोत चढवल्या. चारही त्यांच्याच हातच्या. एकेका गोधडीत सात-आठ लुगड्यांचे थर आणि वरून बारीक धावदोरा, कडेपासून निघून चौकोनात फिरत फिरत मधोमध आलेला. कोरडी असतानाच उचलायला जड. ओली झाली की दोन माणसांचं काम.

लोक विचारतात, डायपर का नाही लावलात. लावला. त्या झोपेत ओढून काढायच्या आणि जांघेत लाल चट्टे उठायचे. गादीवर मेणकापड घातलं, त्याने गादी वाचली, पण नुसत्या मेणकापडावर त्यांना झोप येईना. वर गोधडीच लागायची. दुकानातलं मऊ ब्लँकेट आणलं तर म्हणाल्या, "मना नको हे. अंगाला चिकटते."

मग सकाळी उठलं की पहिलं काम गोधडीचं. आधी साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. गरम पाणी घातलं की वास कापडात बसतो, हे मी एकदा घालूनच शिकले. मग पायाने तुडवायची, पाणी सोडायचं, पुन्हा भरायचं. खाण्याचा सोडा, मग साबण, मग परत तीनदा साधं पाणी. एकदा कंटाळून मशीनमध्ये घातली. मशीन फिरायचं सोडून बाथरूमभर चालायला लागलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, इसमें गोधडी मत डालो." त्यानंतर नाही घातली.

पिळायला माझे मिस्टर लागायचे. ते अंबरनाथला कंपनीत आहेत, शिफ्टची नोकरी. नाइट करून आले की डोळे लाल, तरी शर्ट न बदलता गोधडीचं एक टोक धरायचे. दुसरं मी. ते उजवीकडे पीळ द्यायचे, मी डावीकडे. त्या महिन्यांत आमचं जे काही बोलणं झालं ते गोधडी पिळतानाच.

"गॅसचा नंबर लावलास का?"

"लावलाय. सोडा आता, पाणी गेलं."

एवढंच.

पिळली तरी वाळवायची कुठे? गच्चीला सोसायटीने कुलूप लावलं होतं, गळतीचं काम निघालं म्हणून. बाल्कनीत टाकली तर खालच्यांच्या ग्रिलवर ठिबकायचं आणि ते वर बघून हाक मारायचे. मग गोधडी घरातच. दोन खुर्च्यांवर पसरून वर पंखा. रात्रीपर्यंत वरचा थर वाळायचा, आतले ओलेच. इस्त्री फिरवली की वाफ निघायची, आणि त्या वाफेला जो वास असायचा तो भाताच्या कुकरपर्यंत जायचा. श्रावणात गोधड्यांवर बुरशीचे काळे ठिपके आले. चारही गोधड्या एकाच वेळी ओल्या, असे दिवस गेले. अशा दिवशी मी त्यांना माझ्या दोन कॉटनच्या साड्या अंथरून झोपवलं.

मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका जीन्सच्या कारखान्यात धागाकटिंगला जाते. शिवून आलेल्या पँटींचे लोंबते दोरे कापायचे, एवढंच काम. मी नसताना शेजारच्या आजी दुपारी एकदा डोकावून जातात. कारखाना सिंधी कुटुंबाचा. मालकीणबाई वयस्कर आहेत, आम्ही त्यांना भाभी म्हणतो. एके दिवशी त्यांनी माझा हात धरून उलटा केला. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, कातडं पांढरं पडून सोललं होतं.

"ये क्या किया है? कात्री कैसे पकड़ती है?"

मी सांगितलं. सासूबाई, गोधड्या, पाऊस. भाभींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हमारे में भी बनती है, रल्ली बोलते हैं. मेरी नानी बनाती थी. पर वो तो पतली होती थी. तुम लोग इतनी मोटी काय को बनाते हो?"

मी पुढची पँट ओढली. सोनिवलीत थंडी पडते, जमिनीवर झोपायचं असतं, ओल वर येते, म्हणून जाड. पण ते तिथलं झालं.

संध्याकाळी सासूबाईंना भरवताना मी काहीतरी बोलायचं म्हणून ही गोष्ट सांगितली. त्यांनी पेज संपवली आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. मला वाटलं, दुखावल्या. दोन-तीन दिवसांनी सकाळी मी खालची गोधडी ओढून काढत होते, माझा खांदा भरून आला होता, म्हणून मी क्षणभर पलंगाच्या कडेला टेकले. तेव्हा त्या म्हणाल्या, "उसव ती."

"काय?"

"गोधडी. उसव. पातल कर."

"आई, किती दिवस बसून शिवली असेल तुम्ही."

"तवा हात होते," त्या म्हणाल्या. "आता वालली पायजे."

शुक्रवारी आमचा कारखाना बंद असतो. त्या शुक्रवारी मी गोधडी पुढ्यात घेतली, सासूबाईंना उशा लावून बसवलं आणि माझी कात्री काढली. रोज शेकडो दोरे कापणारी मी, पण त्या धावदोऱ्याला कात्री लागेना. कुठून सुरू करायचं तेच कळेना. त्यांनी माझ्या हातातून कात्री घेतली, नखाने दोऱ्याचं टोक शोधलं, कापलं आणि ओढलं. सर्रकन हातभर दोरा निघाला. मग मीही ओढायला लागले.

आत काय निघेल याची मला उगाच उत्सुकता होती. वरची लुगडी विटून मातकट झालेली, पण आतला एक थर अजून हिरवागार होता.

"हे माझ्या सासूचं," त्या म्हणाल्या.

एक जांभळं निघालं. "हे भाताच्या लावणीत घालायचे मी." एक नुसतं जाळीदार झालेलं, हात लावला की फाटणारं. ते कोणाचं, मी विचारलं.

"कोनाला ठावं. फरशी पुसाय घे."

मला रडू येत होतं आणि त्या भाजी निवडावी तशा थर निवडत होत्या. हे ठेव, हे टाक. चांगली लुगडी एका बाजूला, कुजलेली दुसऱ्या बाजूला. मी कारखान्यातून भाभींना विचारून पँटीच्या खिशाच्या पांढऱ्या कापडाचे तुकडे आणले. "ले जा, वैसे भी कचरे में जाता है," असं म्हणून त्यांनी पोतंभर दिलं. खाली एक लुगडं, वर ते तुकडे जोडून, झाली पातळ गोधडी. दोनच थर.

शिवताना मी सुई ओवून द्यायचे आणि त्या टाके घालायच्या. पूर्वीचा टाका तांदळाएवढा, आता बोटाएवढा, तोही वाकडातिकडा. मी मागून पुन्हा धावदोरा घालायचे, त्यांना दिसणार नाही अशा बेताने. शिवता शिवता त्यांची मान खाली जायची. मग मी हळूच त्यांच्या बोटांतून सुई काढून घ्यायचे, नाहीतर झोपेत टोचायची.

भाद्रपदभर आम्ही हेच केलं. चार गोधड्यांच्या किती झाल्या ते मी मोजलं नाही. पण त्या वाळायच्या. सकाळी धुतलेली पंख्याखाली संध्याकाळपर्यंत कोरडी. मला एकटीला पिळता यायची. काम कमी झालं असं मी म्हणणार नाही, कारण गोधड्या जास्त म्हणून ओल्या होणाऱ्याही जास्त. पण खांद्यावरचं वजन उतरलं.

नवरात्रात माझी नणंद आली. ती ह्यांच्यापेक्षा मोठी, अंबरनाथला दिलेली. आईच्या अंगाखाली खिशांच्या कापडाची गोधडी बघून ती स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, आईच्या गोधड्या कुठायत?"

"उसवल्या, ताई. वाळत नव्हत्या."

ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "त्यातली एक मी मागणार होते. तिच्या हातचं काय राहिलंय आता?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "मीच उसवली."

"तू नको बोलूस," नणंद म्हणाली. "तुला काय, बोलवतील तसं बोलशील."

गॅसवर दूध होतं, आणि मला भांडायची ताकद नव्हती. तिचंही चुकत नव्हतं. तिला एक गोधडी हवी होती आणि ती आता नव्हती. जाताना ती भावाला म्हणाली, "दिवाळी झाली की आईला माझ्याकडे पाठव. मी ठेवते नीट."

भाऊबीज झाल्यावर ती स्वतः रिक्षा घेऊन आली. मी पातळ गोधड्यांची पिशवी भरून ठेवली होती. ती म्हणाली, "माझ्याकडे अंथरुणं आहेत." पिशवी चपलांच्या रॅकवरच राहिली.

घर एकदम रिकामं झालं. मला वाटलं होतं, आता पडल्या पडल्या झोप लागेल. पण पहाटे तीच जाग यायची, तोच हात पलंगाकडे जायचा, ओलं आहे का बघायला. शुक्रवारी दुपारी मात्र झोपले, ती दिवेलागणीला उठले. उठल्यावर अंग आणखीच दुखलं.

पुढच्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "वहिनी, तो वास कशाने जातो?"

"गरम पाणी घातलं का?"

"कडकडीत घातलं."

"ते घालायचं नाही, ताई. आधी साध्या पाण्यात भिजवा. मग सोडा, मग साबण."

"अगं, माझी रजई किती जड झालीये. ह्यांना पण उचलत नाही." तिचा आवाज बसलेला होता. मागून नळाचं पाणी पडल्याचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, "ती पिशवी अजून आहे का?"

दुसऱ्या दिवशी मिस्टर ड्यूटीला जाताना तिच्याकडे देऊन गेले.

महिनाभर तिने आईला ठेवलं आणि नीटच ठेवलं, केस विंचरलेले, नखं कापलेली. परत आणलं तेव्हा तिच्या मनगटाला पट्टा होता. चहा झाल्यावर ती मोरीत गेली, बादलीत पाणी भरलं आणि पिशवीतली, वाटेत ओली झालेली गोधडी त्यात घातली. राहू द्या असं मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही. दारातल्या पाटावर बसून राहिले.

आता थंडी आहे. पातळ गोधडीने सासूबाईंचं भागत नाही, म्हणून अंगावर दोन घालते, एकीवर एक. बोलणं त्यांचं जवळजवळ थांबलंय. कधी कधी खालची ओली होते आणि वरची कोरडी राहते, त्या दिवशी एकच धुवावी लागते. कधी दोन्ही ओल्या होतात. मग दोन्ही धुते.