दोन रिमोटचा खेळ

आमच्या घरचा टीव्ही गेम भोरच्या बाजारातला. दिरांनी तो मुलांसाठी आणला होता, पण मुलं शाळेत गेली की दुपारी आम्ही दोघी जावा तो लावायचो. थोरल्या जाऊबाईंना मी आक्का म्हणते. आमचं गाव मार्गासनीच्या पुढं. शेतावरून आल्यावर दार लोटून घ्यायचं आणि चटईवर बसायचं, कुणी बघायला नको म्हणून.

आमचा आवडता खेळ रणगाड्यांचा. खाली विटांच्या कुंपणात एक पाखरू असतं, ते दोघींनी मिळून राखायचं. वरून वैऱ्याचे रणगाडे येतात. माझी शाळा चौथीला सुटली, इंग्रजी काही आलं नाही. पण या खेळात वाचायचं काही नव्हतंच. चार दिशा आणि गोळीचं एक बटण. मेलं की का मेलं ते लगेच कळायचं. एवढ्याशा चौकोनांत कुणीतरी वीट, पाणी, झाडी बसवली होती, आणि झाडीत शिरलं की रणगाडा खरोखर दिसेनासा व्हायचा. ज्यानं हे केलं तो लहानपणी लपाछपी पुष्कळ खेळला असणार.

माझी गोळी चुकून आक्कांना लागली की त्यांचा रणगाडा जागीच अडकून लुकलुकायचा. "वैरी तिकडं हायेत गं. मी तुझी जाऊ हाय," त्या म्हणायच्या. म्हणून मी मागं पाखरापाशीच थांबायचे. पुढं त्या.

यंदा आक्का शेताच्या बांधावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी तो हात पदराखालीच. डॉक्टरांनी बोटं हलवायला सांगितली होती. दुखतंय म्हणून त्या डाव्या हातानं जेवायच्या. हा हात असाच अवघडून राहिला तर, ही मला धास्ती. पण त्यांना सांगणार कोण? मी तर नाहीच.

त्यांची मुलगी आता मोठी झाली, भोरला नोकरी करते. सुटीला आली तेव्हा तिनं टीव्हीला एक नवा खेळ जोडला. नवा, पण जुन्यासारखा केलेला. तेच चौकोन, तशीच पिपाणीसारखी गाणी. एरवी नव्या खेळांत इतका झगमगाट असतो की कुठं बघावं कळत नाही. हा साधा होता. दोन माणसं जोडीनं डोंगर चढतात. एक पडलं तर दुसऱ्यानं मागं येऊन हात द्यायचा, की ते उठतं. आधी मला ही लबाडी वाटली. जुन्या खेळाला दयामाया नव्हती, म्हणून तर आमची बोटं तयार झाली. मग मनात आलं, आक्कांना आत्ता हाच खेळ पाहिजे.

पुतणी बाहेर गेल्यावर मी एक रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला.

"मला न्हाई जमायचं. पडंन मी."

"पडा की. उचलंन मी."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मी असं कधी बोलत नाही.

त्यांनी डाव्या हातानं सुरुवात केली. चालायचं बटण डावीकडं, उडीचं उजवीकडं. डावा अंगठा तिकडं नेईपर्यंत त्या खड्ड्यात. मी उचललं. परत पडल्या, परत उचललं.

"माझ्या उशाला काय बसलीस? हो पुढं," त्या वैतागून म्हणाल्या.

मी पुढं गेले आणि पहिल्याच कड्यावरून खाली आले. आता उचलायचं त्यांनी. त्यासाठी डाव्या अंगठ्यानं दिशा धरायची आणि त्याच वेळी उजव्यानं बटण दाबून ठेवायचं. एका हाताचं ते काम नव्हे. पडद्यावर माझा माणूस हात वर करून पडलेला. आक्का पुटपुटल्या, पदराखालून हात काढला आणि दात आवळून अंगठा बटणावर ठेवला. माझा माणूस उठला.

"मुद्दाम पडलीस व्हय गं?"

"न्हाई वो आक्का. खरंच पडले."

"मग बघून चाल," त्या म्हणाल्या. अंगठा त्यांनी बटणावरून काढला नाही.