चौघांचा अल्बम आणि बायची एकवीस कडवी

पेण ते रोहा या पट्ट्यात बेंजो वाजवणारे पुष्कळ झाले, पण माझा बेंजो ऐकून कारखान्यात रंगाची वाट बघत बसलेल्या मातीच्या गणपतींनी माना डोलावलेल्या आहेत. साक्षीदार आहेत. एकदा रामवाडीजवळ हायवेवर आमची वरात चालली होती. मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही. त्याने गाडी बंद केली, खाली उतरला आणि कंडक्टर, प्रवासी, एक कोंबड्यांची टोपली यांच्यासकट मांडवापर्यंत नाचत आला. कोंबड्यांनी पुढे आठवडाभर अंडी तालात दिली असं टोपलीवालीने स्वतः मला सांगितलंय.

माझ्या तोडीचे या पट्ट्यात तिघेच. रोह्याचा गिटारवाला, नागोठण्याचा कीबोर्डवाला आणि धरमतरचा ढोलवाला. चौघांच्या लग्नांत वाजवणाऱ्या चार पार्ट्या, आणि पंचवीस वर्षांचं वैर. वैराचं कारण साधं. आमच्याकडे दोन पार्ट्या नाक्यावर समोरासमोर आल्या तर कुणीही थांबायचं नसतं. दोघांनी आपापलं गाणं रेटायचं, आणि ज्याचा आवाज दबला तो हरला. रोहेकराने मला दोनदा दाबलंय हे मी मान्य करतो. मी त्याला चाळीस वेळा दाबलंय हे तो मान्य करत नाही.

तर या चौघांना एकत्र आणण्याचं डोकं नागोठणेकराचं. तो कंपनीत शिफ्ट करतो आणि नाइटला कानात इंग्रजी गाणी लावून बसतो. एका लग्नात आम्ही चौघे चुकून एकाच पंगतीत बसलो तेव्हा त्याने काढलं.

"तिकडं परदेशात मोठ्या मोठ्या बॅण्डमधले एकेक वाघ उचलून एक ग्रुप करतात. त्याला सुपरग्रुप बोलतात. आपून करू. हळदीची गानी, पन रॉकमंदी."

"मंग त्यांच्यात शिटी कोन मारतो?" रोहेकराने विचारलं. आमच्याकडे गाणं बदलायचं असलं की मास्तर शिटी मारतो, आणि शिटी ज्याच्या तोंडात तो मालक.

"शिटी मारायला मी हाय ना," ढोलवाला म्हणाला.

"तू? तुजी शिटी आयकून खाडीतलं बार्ज मागं वलतात," रोहेकर म्हणाला.

असं मांडीला मांडी लावून भांडतच आमचं ठरलं. गायला मात्र कोण, यावर वाद झाला नाही. माझी थोरली बहीण. आम्ही तिला बाय म्हणतो.

बाय धरमतरच्या खाडीकाठी दिली. सासरी मिठागर. मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहताना ती गायची तेव्हा खाडीतले बार्ज धक्का चुकून तिच्या बांधाला लागायचे. खलाशांना विचारलं तर म्हणायचे, आम्हाला वाटलं इथेच बोलावलंय. आसपासच्या दहा गावांत हळद लागायची तर गाणी म्हणायला बायलाच बोलावणं. तिच्याकडे हळदीचं एक गाणं आहे, आजेसासूकडून आलेलं, एकवीस कडव्यांचं. त्यातली नऊच लोकांना माहीत. कारण नवव्या कडव्याच्या सुमारास दाराशी बेंजो पार्टी येते, पोरं उठतात, आणि बायचं गाणं तोंडातच राहतं. ही बेंजो पार्टी बहुतेक वेळा माझी.

मी तिच्या घरी गेलो, पडवीत बसलो.

"एकवीसच्या एकवीस घेनार, गो बाय. अक्षर गालनार नाय."

"बाला, खरा बोलतंस?" मी पन्नाशीचा आहे, केस पिकलेत, तिला मी अजून बाला. "फुडली बारा कडवी माज्या सुनांनीपन आयकली नाय. माज्या पाठी ती जातील. तुजा बेंजो मधी आला तर?"

"माजा बेंजो तुज्या पायाशी बसंल."

"बग हां. मना दुसरा कायव नको. बारा कडवी आयकू आली पायजेत."

मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. आता वाटतं, निदान दुसऱ्या कुणाच्या गळ्याची घ्यायला हवी होती.

स्टुडिओ पेणमध्ये, एका भांड्यांच्या दुकानावर. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. रेकॉर्डिंग करणारा एक चष्मेवाला, सज्जन, हळू बोलणारा. बाय गाद्यांकडे बघून म्हणाली, "हे काय, भिंती निजल्यात काय?" मग पदर खोचून उभी राहिली आणि एकवीस कडवी एका दमात म्हणाली. चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, "यात काही करायलाच नको." मी ते वाक्य नीट ऐकलं होतं. पण तेव्हा माझं लक्ष बेंजोच्या तारा लावण्यात होतं, त्यामुळे ती बारा कडवी माझ्या एका कानातून आत आली आणि तिथेच बसून राहिली, डोक्यापर्यंत पोचली नाहीत.

पुढचे तीन दिवस आमचे. रोहेकराने असा सोलो मारला की खालच्या दुकानातल्या कळशा आपोआप घासून निघाल्या. नागोठणेकराने कीबोर्डमधून समुद्र, विजा आणि एक हेलिकॉप्टर काढलं. हळदीत हेलिकॉप्टर कशाला, असं विचारल्यावर म्हणाला, "रॉक हाय." ढोलवाल्याचं तर विचारूच नका, गाद्या भिंतीवरून उतरल्या. कव्हरवर चौघांचे फोटो, आणि कुणाचा मोठा दिसतो ते बघायला रोहेकर पट्टी घेऊन आला होता. बायचा फोटो राहिला. त्या जागी हळदीची वाटी.

मग एक गोष्ट झाली. मी एक दिवस एकटाच स्टुडिओत गेलो. म्हटलं, सहज. ऐकलं तर माझा बेंजो गिटारच्या खाली! मी म्हटलं, "जरा वर घ्या." चष्मेवाल्याने माझ्याकडे असं बघितलं जसं डॉक्टर साथीच्या चौथ्या पेशंटकडे बघतो.

"घेतो. पण मग बाईंचं काय करू?"

"तिचा आवाज मुळातच मोठा हाय," मी म्हणालो. "हाय तेवढा पुरे."

हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणी नाही.

अल्बमचं उद्घाटन रोह्याला एका हॉलमध्ये, सकाळी अकराला. चारही गावांची माणसं आलेली. बाय पहिल्या रांगेत, नवी साडी, दोन्ही बाजूंना दोन सुना. गाणं लावलं. भाताच्या गिरणीत चार वराती एकदम घुसल्या आणि आतून कुणी दार लावून घेतलं तर जे होईल, ते झालं. बेंजोवर गिटार, गिटारवर हेलिकॉप्टर, हेलिकॉप्टरवर ढोल. मधूनमधून कुठेतरी लांब, जशी खाडीपलीकडून हाक यावी, तशी एक बाई काहीतरी म्हणत होती. गाणं संपलं. मागून एका म्हाताऱ्याने अगदी मनापासून विचारलं, "वाद्या लावून झाली असतील तर गाना चालू करा की!"

बायने माझ्याकडे बघितलं. "बाला, मी कुठं?"

"स्पीकरचा दोष हाय," मी म्हणालो.

"गिटारनं दाबली," ढोलवाला म्हणाला. "मी? आरं, बेंजो बग कसा बोंबलतोय," रोहेकर म्हणाला. चौघांचं जुंपलं. तेव्हा चष्मेवाला कोपऱ्यातून पुढे आला आणि आपल्या हळू आवाजात म्हणाला, "चौघंही आले होते. एकेकटे. चौघंही म्हणाले, माझा जरा वर घ्या." हॉल असा हसला की कुंडलिका नदीच्या पाण्यावर लाट उठली. मला हसायला आलं नाही, हेही लिहून ठेवतो.

बाय रडली नाही, रागावली नाही. बटाटावडा संपवला, हात पुसला. "माज्या धाकट्याची हलद हाय. चौघंव या. वाजाप घेऊन. पन मी हात वर करीन तवाच हात लावाचा."

गेलो. दुपारी चारची वेळ, मांडवात बायका, पाट मांडलेला. आम्ही चौघे दाराशी वाद्यं गळ्यात अडकवून उभे. बायने गाणं उचललं. नववं कडवं आलं, आणि सवयीने माझी बोटं बेंजोच्या बटणांवर गेली. तिने नुसतं बघितलं. बोटं मागे आली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी दहावं कडवं ऐकलं.

दहाव्यापासून ते गाणं बोलावणं करतं. हळद कुठल्या विहिरीच्या पाण्यात कालवली ते सांगतं, मग खाडीला बोलावतं, मिठागराच्या बांधांना बोलावतं, आणि पुढे, एकेक कडव्यात, घरातल्या गेलेल्या माणसांना. सासरा. आजेसासू. सतराव्या कडव्यात बायने आमच्या आईला हाक मारली. ये, पोराच्या अंगाला हळद लाव, म्हणाली.

म्हणजे घरच्या दर हळदीला बाय आईला बोलावणार, आणि मी नवव्या कडव्यालाच बेंजो घेऊन येणार. इतक्या लग्नांत आईला बोलावणं पोचलंच नव्हतं, आणि ते अडवत होतो मी.

रोहेकराने डोळे पुसले आणि मला सांगितलं की हळद गेली डोळ्यात. हळद त्याच्यापासून वीस फुटांवर होती.

एकवीस झाली. आम्ही श्वास सोडला. पण बाय थांबली नाही. तिने बाविसावं लावलं, जे आजेसासूकडून आलेलं नव्हतं:

"चार मास्तर चार वाटंचं, बसलं एका पाटावं गो,
गाना ठेवला दारामंदी, भांडलं आवाजावं गो!"

बायका अशा हसल्या की नवरदेव पाटावरून घसरला. आणि त्या हसण्यातच बायने हात वर केला.

आम्ही वाजवलं. तिच्या आवाजाखाली, पायाशी, शपथेप्रमाणे. त्या दिवशी आम्ही चौघांनी जेवढं हळू वाजवलं तेवढं हळू पेण ते रोहा कुणी वाजवलेलं नाही आणि वाजवणारही नाही. ढोल वाजत असताना पाटाखालून गेलेल्या मुंगीची पावलं मी मोजली आहेत. त्यातही रोहेकरापेक्षा मी जरा जास्तच हळू होतो.

संपल्यावर नागोठणेकर पुढे आला. "बाय, हेच रेकॉर्ड करू. दुसरा अल्बम."

"करा की," बाय म्हणाली. "पन त्या चष्मेवाल्याकडं या टायमाला मी एकटी जानार."