कुत्र्याची नसबंदी

आमचा कुत्रा माद्यांच्या मागे पार भरवेली गावापर्यंत जायचा आणि फाटका कान घेऊन परत यायचा. डॉक्टर म्हणाले, नसबंदी करून टाका. बाबा महिनाभर तणतणले, "मुक्या जीवाले काहून नामर्द करता? पाप लागते." कानाची जखम चिघळली तेव्हा कुठे कबूल झाले. ऑपरेशननंतर मात्र आठ दिवस त्याच्या उशाशी बसून होते. त्याला उडी मारू देईनात.

ते बघून माझं डोकं फिरलं. धाकटी बहीण झाल्यावर आईला नसबंदीच्या शिबिरात पाठवायचं याच माणसानं चहा पिता पिता ठरवलं होतं. तेव्हा पाप आठवलं नाही.

कुत्र्याच्या वाटीत हळदीचं दूध ओतताना आई एवढंच म्हणाली, "मी तं शिबिरातून आल्या-आल्या साऱ्यायचा सैपाक केलता."